एकच खेळ, तीन यंत्रं

सातवीत असताना मला सांध्यांचा ताप आला. आधी घोटे सुजले, मग गुडघे, मग मनगटं, आणि एका सकाळी वेणी घालायला हातच वर जाईना. डॉक्टर आईला म्हणाले, "सांधे होतील बरे. पण हृदयाला जपायला पाहिजे. पोरीला झोपवून ठेवा." किती दिवस, असं आईनं विचारलं तर ते म्हणाले, "बघू." त्या 'बघू'त माझं अख्खं वर्ष गेलं.

आम्ही कसबा बावड्यात राहायचो, नव्यानं प्लॉट पाडलेल्या भागात. मागं ऊस, पुढं अर्धवट बांधलेली घरं. आई पोस्टात नोकरीला होती. वडील मलकापूरला हायस्कूलवर शिक्षक. तिथंच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचे. मी एकुलती एक. सकाळी माझं सगळं आवरून, उशाशी पाण्याचा तांब्या आणि झाकलेलं ताट ठेवून आई बाहेरून कडी लावून जायची. सुरुवातीला मैत्रिणी यायच्या, वह्या दाखवायच्या, बाईंच्या नकला करायच्या. मग सहामाही आली, मग गॅदरिंग आलं आणि त्या यायच्या बंद झाल्या. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पडून असलेल्या माणसाकडं रोज नवीन सांगण्यासारखं काही नसतं.

मामा मालवाहू बोटीवर होता. त्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मुंबईतनं माझ्यासाठी टीव्ही गेमचा संच आणला आणि सोबत एकच कॅसेट. ती त्यानं जपानच्या कुठल्याशा बंदरात जुन्या वस्तूंच्या दुकानातनं घेतली होती. "दुकानदार म्हणाला, लांबलचक खेळ आहे, लवकर संपत नाही," मामा म्हणाला. "म्हटलं, हिला तेच पाहिजे." कॅसेटवरच्या चित्रात चार माणसं एका कड्यावर पाठमोरी उभी होती आणि खाली समुद्र होता.

गल्लीतल्या पोरांकडचे खेळ मला माहीत होते. पळायचं, उडी मारायची, गोळ्या घालायच्या. आईला धास्ती वाटली, असल्यानं पोरीची छाती धडधडेल म्हणून. तिनं डॉक्टरांना विचारलंसुद्धा. मी त्यांना सांगितलं की ह्या खेळात घाई नाही. आपण काय करायचं ते सावकाश ठरवायचं, मग राक्षस काय करतोय ते बघायचं, मग परत आपण. डॉक्टर हसले. "मारामारी आळीपाळीनं आहे म्हणता? मग चालेल."

पण खेळ सगळा जपानीत होता. पडद्यावर चार ठेंगणी माणसं एकामागं एक मुंगीसारखी चालायची. गावं होती, विहिरी होत्या, किल्ला होता. कुणाच्याही समोर उभं राहून बटण दाबलं की खाली काळी चौकट उघडायची आणि तिच्यात टिकटिक करत अक्षरं उमटायची. ती अक्षरं माझ्यासाठी नुसती नक्षी होती. मी दोन दिवस त्याच गावात गोल गोल फिरले आणि संच बंद करून टाकला.

शेजारच्या घरात तेव्हा नवी सून आली होती. त्यांचं शाहूपुरीत मोटारपंपांच्या भागांचं दुकान होतं. लिंगायत घर, बोलणं मराठीत, पण सून आणली होती निपाणीच्या पुढच्या एका खेड्यातली. ती विशीची असेल. तिला मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र कानडी मध्ये यायचं आणि घरातले हसायचे. म्हणून ती घरात बोलायचीच नाही. आईनं तिच्या सासूला विनंती केली, "दुपारची जरा आमच्या पोरीजवळ बसू दे का तिला? एकटी असते." सासू मोठ्या आवाजात म्हणाली, "न्या की. हितं तरी कुठं बोलतीया? मुकी हाय नुसती."

अशी ती आमच्याकडं यायला लागली. कडी काढून आत यायची, दार लोटून घ्यायची आणि माझ्या कॉटच्या पायथ्याशी बसायची. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला लिंग ठेवायची चांदीची छोटी डबी असायची, ती पदराखाली सारायची. मी तिला वैनी म्हटलं तर म्हणाली, "वैनी नगं. अक्का म्हण." आणि मला ती तंगी म्हणू लागली. धाकटी बहीण. आमच्या घरात मला कुणाचीच धाकटी म्हणून हाक आली नव्हती.

टीव्ही गेम बघून तिनंच विचारलं, "ह्ये काय गं?"

मी सांगितलं, लावून दाखवलं. किल्ल्यातला मुकुटवाला समोर आला, चौकट उघडली, अक्षरं टिकटिकली.

"काय म्हंतोय त्यो?"

"मला काय ठाऊक? जपानी आहे."

ती पुढं सरकून बघत राहिली. "राजा न्हवं ह्यो. गौडा दिसतोय, पाटील म्हना. आमच्या गावचा गौडा असाच बसतोय, पाय पसरून." मग घसा खाकरून, आवाज जाड करून म्हणाली, "म्हंतोय, माझी लेक हरीवलीया. गावली तर घिऊन या. न्हाई गावली तरी जेवायला परत या."

मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. कित्येक महिन्यांत मी तशी हसले नव्हते.

तिथनं खेळ सुरू झाला. मी बटणं दाबायची आणि अक्का बोलायची. विहिरीजवळच्या म्हातारीला ती बोलायला लावायची, "सुनंनं दोर तोडला आन् नाव माझं घेतीया." धर्मशाळेचा जाडा मालक म्हणायचा, "झोपा, पन घोरू नगा." सुरुवातीला मराठीत, मग रंगात आली की कानडीत, आणि मला अर्थ कळला नाही तरी सूर कळायचा. बाहेर कधी न बोलणारी ती बाई आमच्या त्या खोलीत चाळीस माणसांच्या आवाजात बोलायची.

चौघांना नावं द्यायची होती. अक्षरांचा तक्ताच समोर आला. वाचता येत नव्हता, मग आम्ही आकार बघून अक्षरं घेतली. एक मासे धरायच्या गळासारखं, एक गोगलगायीसारखं, एक तीनच्या आकड्यासारखं. चौघांतली एक पांढऱ्या कपड्यांची होती, जखमा बऱ्या करणारी. ती अक्काला आवडली. "ही मी," ती म्हणाली. तिच्यासाठी तिनं अक्षरं निवडली ती फार विचार करून, जणू ती खरोखर कुठंतरी वाचली जाणार होती.

खेळ साठवून ठेवायचा कसा हे आम्हाला दोनदा सगळं पुसलं गेल्यावर कळलं. गौड्यासमोर जायचं, वरचा पर्याय निवडायचा आणि संच बंद करताना लाल बटण दाबून धरायचं. कॅसेटसोबतच्या घडीच्या कागदावर बोटाचं चित्र होतं, ते अक्कानं ओळखलं. त्यानंतर आमचा प्रवास वाढत गेला. आम्ही जंगल ओलांडलं, बर्फातनं गेलो, होडी मिळवली. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. खिडकीतनं मळीचा वास यायचा आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडायची. सासूची हाक आली की अक्का उठायची आणि दारात जाईपर्यंत तिचा चेहरा परत मुका व्हायचा.

मग आम्ही समुद्राकाठच्या एका गावात पोचलो. पाच-सहा घरं, एक धक्का, बाकी पाणी. गावाच्या मध्यावर पाऊल ठेवलं आणि संगीत थांबलं. त्या खेळात संगीत कधी थांबत नसे. तीन बारीक सुरांची ती धून आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबल्यावर टीव्हीची घरघर ऐकू आली. रांगेतली पांढऱ्या कपड्यांची बाहेर पडली. आमच्याकडं वळून उभी राहिली. चौकट उघडली, अगदी थोडी अक्षरं उमटली. मग ती चालत एका घरात गेली आणि दार लागलं. आम्ही तिघंच उरलो.

मी त्या घरात शिरले. ती आत उभी होती. बटण दाबलं, परत तीच अक्षरं.

"काय म्हणतेय ती?" ह्या वेळी मी विचारलं.

"काय न्हाई," अक्का म्हणाली. "दमलीया."

"म्हणून काय झालं? आता आपल्याला बरं कोण करणार?"

"पिशवीत औषध हाय की."

"पण ती परत कधी येणार?"

"ऱ्हाऊ दे गं तिला," अक्का म्हणाली. "घर गावलंय तिला." तिनं ते इतकं हळू म्हटलं की मला रागच आला. माझ्या दृष्टीनं आमचा डाव बिघडला होता.

त्याच सुमारास अक्काला दिवस गेले होते. मला ते नंतर कळलं. ती दुपारी येऊन भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि मी एकटीच समुद्राकाठी इकडंतिकडं फिरायची. बाळंतपणासाठी तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ जीप घेऊन आला, त्या दिवशी ती हिरव्या साडीत आमच्या दारात आली. मी आता घरातल्या घरात चालू लागले होते. तिनं माझ्या मनगटांवरनं हात फिरवला, सूज बघितल्यासारखा. मग टीव्हीकडं हनुवटी करून म्हणाली, "माझ्याबिगर फुडं जाऊ नगं हां. आल्यावर जाऊ."

मी थांबले. संच लावायची, समुद्राचं गाव बघायची आणि बंद करायची. जून उजाडला, मला शाळेत जायची परवानगी मिळाली. माझ्या मैत्रिणी आठवीत गेल्या होत्या, मी परत सातवीत बसले. अक्का आली नाही. एकदा आईला विचारलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाळ राहिलं नाही तिचं."

"मग ती?"

"ती आहे. माहेरी आहे."

"येणार कधी?"

आई निवडलेली भाजी उचलून आत गेली. पुढच्या वर्षी शेजारी मांडव पडला आणि त्याच मुलासाठी दुसरी सून आली. ती चांगली होती, मोठ्यानं बोलायची. आमच्याकडं कधी बसायला आली नाही. तशी गरजही उरली नव्हती. मी कॅसेट खोक्यात घातली, संच माळ्यावर टाकला. अक्काचं कुणीच नाव काढत नव्हतं, म्हणून मीही काढलं नाही.

माझ्या हृदयाच्या एका झडपेत थोडा दोष राहून गेला. रोजच्या जगण्यात त्यानं काही अडत नाही. पण स्थळं यायला लागली तेव्हा वडील पहिल्याच भेटीत खरं ते सांगून टाकायचे. लपवायचं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. समोरची माणसं चहा संपवायची, चौकशी करायची, "बाळंतपण झेपंल का पर?" असं विचारायची आणि निरोप धाडतो म्हणून जायची. पुढं पुढं आई पोह्यांची तयारी नेहमीपेक्षा कमी करायला लागली आणि मग तो विषयच घरातनं गेला. मी संगणकाचा कोर्स केला, एका पतसंस्थेत नोकरीला लागले. वडील मलकापूरहून निवृत्त होऊन घरी आले होते. जेवताना आम्ही तिघं बातम्या बघायचो.

राजारामपुरीत तेव्हा नेट कॅफे झाले होते. एका रविवारी दुपारी मी एका कॅफेत बसले होते आणि काही काम नव्हतं. सहज त्या खेळाबद्दल शोधायला लागले. नाव माहीत नव्हतं. चार माणसं, कडा, समुद्र, पांढरे कपडे, असं काय काय लिहून बघितलं. संध्याकाळपर्यंत ते चित्र सापडलं. तोच कडा, त्याच पाठमोऱ्या आकृती. मला तोवर कुठंतरी वाटत होतं की तो खेळ जगात दुसऱ्या कुणाकडं नसेलच.

होता. हजारो लोकांकडं होता. कुणी हौशी मंडळींनी तो संगणकावर चालवायची सोय केली होती आणि त्याचं इंग्रजीही केलं होतं. मी सीडीवर उतरवून घेतला, घरच्या संगणकावर लावला. चित्रं तीच, सूर तेच, फक्त टीव्हीवर जे रंग एकमेकांत ओघळायचे ते इथं कडक चौकोनात बसले होते. आणि चौकटीत आता इंग्रजी अक्षरं उमटत होती. मी गौड्यासमोर जाऊन बटण दाबलं.

त्याला लेक नव्हती. तो दीपस्तंभ विझल्याबद्दल आणि समुद्र चढत असल्याबद्दल काहीतरी सांगत होता. विहिरीजवळची म्हातारी म्हणत होती की तलवार नुसती विकत घेऊन चालत नाही, हातात धरावी लागते. धर्मशाळेचा मालक फक्त शुभ रात्री म्हणाला. मी घरोघर फिरले. प्रत्येक जण कामाचं एखादं वाक्य बोलायचा. मला सगळं कळत होतं आणि मी कंटाळून गेले. अक्कानं ह्या माणसांना भांडणं दिली होती, सासवा दिल्या होत्या, भूक दिली होती. इथं त्यांच्याकडं यातलं काही नव्हतं.

तरीही मी रोज कामावरनं आल्यावर खेळत राहिले, कारण मला समुद्राच्या गावी पोचायचं होतं. पोचले. संगीत थांबलं. ती वळली आणि म्हणाली, "माझा नवस इथं फिटला." एवढंच. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कसला नवस? आधी कुठं त्याचा उल्लेख नव्हता.

ह्या खेळावर बोलणाऱ्या लोकांची नेटवर एक जागा होती. तिथं लोक वेगवेगळ्या यंत्रांवरच्या आवृत्त्यांची तुलना करायचे. कुणाला मूळ कॅसेटचे सूर आवडायचे, कुणी नव्या आवृत्तीतल्या चालण्याच्या वेगाचं कौतुक करायचं, कुणी रंग मोजायचं. खरी आवृत्ती कुठली यावर त्यांची कडाक्याची भांडणं व्हायची. मी महिनाभर नुसती वाचत होते. मग एक दिवस धीर करून लिहिलं की मी मूळ जपानी कॅसेट लहानपणी खेळले आहे. भाषा येत नव्हती, आम्ही दोघी मनानं बोलणं रचायचो आणि निम्म्यापेक्षा जास्त खेळ पार केला होता. खाली विचारलं, ती पांढऱ्या कपड्यांची खरं काय म्हणते?

पहिलं उत्तर आलं, "भाषा येत नव्हती म्हणजे तू तो खेळ खेळलीच नाहीस."

मला ते फार लागलं. लागायचं काही कारण नव्हतं. परदेशातला कोण कुठला माणूस, त्याला काय माहीत. पण त्या दिवसांचा दुसरा साक्षीदार माझ्याजवळ नव्हता, आणि कुणीतरी ते दिवस झालेच नाहीत असं म्हणत होतं. मी संगणक बंद करून गच्चीवर जाऊन उभी राहिले. दोन-तीन दिवसांनी जाऊन पाहिलं तर जपानी जाणणाऱ्या कुणीतरी शांतपणे लिहिलं होतं, "मुळात ती कारण सांगतच नाही. नवस वगैरे हौशी लोकांनी घातलं, वाक्य ओकंबोकं वाटलं म्हणून. ती फक्त म्हणते, मी इथपर्यंतच. तुम्ही पुढे व्हा."

मी आभार मानले. त्यानंतर तिथं काही लिहिलं नाही.

तिसरी आवृत्ती मामानंच आणली, त्याच्या शेवटच्या फेरीवरनं. हातात धरायचं छोटं यंत्र, मिटलं की डबीएवढं. त्याच खेळाची नवी सजवलेली आवृत्ती, कंपनीनंच इंग्रजीत काढलेली. पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या जणी घोळक्यानं डबे उघडायच्या, मी खिडकीकडच्या टेबलावर ते उघडायची. बोलणाऱ्या प्रत्येकाचं इथं मोठं चित्र यायचं. पांढऱ्या कपड्यांवालीला सोनेरी केस होते, टपोरे डोळे होते. तिला मागची सगळी हकीकत दिली होती. समुद्राच्या गावी संगीत थांबत नव्हतं. उलट व्हायोलिन भरून यायचं आणि ती चौकटीमागून चौकट बोलत सुटायची. आपल्याला असाध्य आजार आहे, तो आपण लपवला, तुमच्या पायातली बेडी मला व्हायचं नाही. आणि खेळ पुरा केल्यावर एक जादाचा भाग उघडायचा: औषध शोधून आणलं की ती बरी व्हायची आणि परत रांगेत यायची.

मी तो भाग खेळले. औषध आणलं. ती हसली, रांगेत शेवटी येऊन उभी राहिली. मला आनंद झाला नाही. आजाराची ती भाषणं वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि तिला परत आणणं इतकं सोपं असेल असं माझं मन मानायला तयार नव्हतं.

तेव्हा मला मूळ कॅसेट परत बघावीशी वाटली. माळ्यावरनं संच काढला, धूळ पुसली. नवल म्हणजे तो लागला. पण साठवलेल्या डावांच्या जागी रिकाम्या ओळी होत्या. कॅसेटच्या आत एक छोटा सेल असतो, त्याच्या जिवावर ती सगळं लक्षात ठेवते, आणि तो सेल संपला होता. समुद्राचं गाव गेलं, बाहेर थांबलेले तिघं गेले, अक्कानं निवडलेलं नाव गेलं. ती अक्षरं मला आता आठवतही नव्हती. एक गोगलगायीसारखं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी गेले. सासू आता थकली होती, कट्ट्यावर ऊन खात बसली होती. मी सरळ विचारलं, "काकू, तुमची आधीची सून कुठं असते?"

मला वाटलं होतं ती चिडेल. ती म्हणाली, "हाय की. भावाच्यात हाय. अंगणवाडीत शिकीवतीया म्हनं." आणि गावाचं नाव सांगितलं. इतकी वर्षं ते नाव भिंतीपलीकडं होतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मी एका सोमवारी रजा काढून गेले. निपाणीला गाडी बदलली, पुढं वडापची जीप मिळाली. गावात अंगणवाडी विचारली. एका खोलीत पंधरा-वीस पोरं रांगेत बसून खिचडी खात होती आणि अक्का मोठ्यानं कानडीत कुणालातरी रागवत होती. तिचा आवाज एवढा मोठा असेल हे मला माहीत नव्हतं. केस कानाजवळ पिकले होते, चष्मा लागला होता. मी दारात उभी राहिले. तिनं विचारलं, "कोन पायजे?"

मी बावड्याचं सांगितलं, आईचं नाव सांगितलं.

"तंगी?" ती म्हणाली. मग खिचडीचा हात तसाच धरून मनगटानं माझा हात वर उचलून बघितला. "सूज ऱ्हायली न्हाई की."

पोरं गेल्यावर तिनं मला घरी नेलं. भावजय, भाच्या, गोठा. ताक दिलं, भाकरी दिली. माझी झडप, आईची निवृत्ती, सासूचे गुडघे, सगळं तिनं विचारलं. स्वतःच्या नवऱ्याचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिचं मराठी गंजलं होतं. शब्द शोधताना ती भाचीकडं बघायची. मग मी ते छोटं यंत्र काढलं. तिनं ते डोळ्यांपासून लांब धरलं, चष्मा वर-खाली केला.

"किती बारीक गं ह्ये. काय हाय?"

"तोच खेळ. आपण खेळायचो तो. ही बघ, पांढऱ्या कपड्यांची. तू घेतलेलीस ती."

ती बघत राहिली. तिला आठवत नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरनं कळलं. "टीव्ही आठवतोय," ती म्हणाली. "त्यातलं काय न्हाई आठवत. खरं सांगू? मला त्यातलं कायबी कळायचं न्हाई. तुझ्याकडं बसलं की कुनी हाका मारायचं न्हाई, म्हनून बसायची."

"तू किती बोलायचीस पण. राजाला गौडा म्हणायचीस."

"मी?" तिला हसू आलं. "मी कुठली बोलतीया त्या घरात."

मी आग्रह केला नाही. ती पांढऱ्या कपड्यांची खरं काय म्हणायची हे तिला सांगावं म्हणून मी एवढ्या लांब आले होते. मी सांगितलं. संगणकावरचं वाक्य सांगितलं, ह्या छोट्या यंत्रावरचं सांगितलं, आणि जपानी जाणणाऱ्या माणसानं सांगितलेलं मूळ वाक्यही. तिनं शेंगा फोडता फोडता शहाण्या माणसासारखं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं म्हंतीया की. कशाला सांगायचं सगळ्यास्नी?" मग थोड्या वेळानं, "आता कुनासंगं खेळतीस तू?"

"एकटीच."

"मग कशाला खेळतीस?"

उत्तराची वाट न बघता तिनं भाचीला हाक मारून शेंगांची पिशवी भरायला सांगितली. वडापपर्यंत सोडायला आली. गाडी सुटेपर्यंत ती ड्रायव्हरला कानडीत बजावत होती, हिला निपाणीच्या स्टँडवर नीट उतरवायचं म्हणून. गाडी हलली तेव्हा तिचं लक्ष दुसऱ्याच कुणाशी बोलण्यात गेलं होतं.

त्यानंतर काही दिवस आमचे फोन झाले. फोन भावाच्या दुकानातला. मी करायची तेव्हा तिला बोलवायला कुणीतरी पळायचं आणि ती धापा टाकत यायची. "जेवलीस?" हा तिचा पहिला प्रश्न. त्यापुढं दोघींना काय बोलावं ते सुचायचं नाही. पाऊसपाणी व्हायचं, आईची तब्येत व्हायची. मग फोन सणावारापुरते उरले.

मामानं आणलेलं यंत्र मी पतसंस्थेतल्या एकीच्या मुलीला देऊन टाकलं. मागच्या दिवाळीला मी दुकानावर फोन लावला. भाचीनं उचलला. माझं नाव सांगितल्यावर ती अडखळत मराठीत म्हणाली, "आत्या शेतात गेल्यात. काय सांगू?"

"काही नाही," मी म्हटलं. "फोन केलता म्हणून सांग."

"बरं," ती म्हणाली, आणि मागं कुणीतरी माल मागत होतं, म्हणून तिनं फोन ठेवला.